सोळा चिंचोके, पंधरा माणसे

जबाब
दिनांक ०५/०२/२०२६, वेळ सकाळी ११.२०

नाव: धोंडू सखाराम घाडीगावकर. वय: ७४ वर्षे. धंदा: निवृत्त गिरणी कामगार, हल्ली धंदा काही नाही, मंगळवारी माणसे बेटावर फिरायला नेतो. शिक्षण: शाळेत चौथीपर्यंत, पुढचे वाचून वाचून. राहणार: दुसरा मजला, खोली क्रमांक २०४, नाहूर पश्चिम, मुंबई.

मी आज रोजी कोणी बोलावले नसताना आपणहून पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की,

आल्याबरोबर मी सर्वांची खुशाली विचारली. ती लिहिण्याचे कारण नाही, असे पोलीस उपनिरीक्षक उत्तरा शिर्के मॅडम म्हणाल्या. मी म्हणालो, लिहा, पुढे लागेल. मॅडम मंगळवारी रुग्णालयात खोकत होत्या, आज खोकला कमी आहे. जबाब टाईप करणारे हवालदार बाळा मोरे यांची मान अजून धरते. त्यांना मी गरम मिठाची पुरचुंडी सांगितली आहे. नावाडी दशरथ कोळी, वय ४८, राहणार मनोरी, यांच्या उजव्या तळपायाला नऊ टाके असून सूज उतरलेली नाही. त्यांची पत्नी वनमाला दोन घास खाते, पण झोपत नाही. आमच्या मंडळातले श्यामसुंदर प्रधान, वय ७८, यांच्या खुब्याच्या हाडाला चीर गेली आहे. शस्त्रक्रिया लागणार नाही असे डॉक्टर म्हणतात. काल त्यांनी पेज घेतली. त्यांच्या पत्नी जयंतीवहिनी यांचे ब्लडप्रेशर चढलेले आहे, तरी त्या माझ्याबरोबर आल्या असून बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांचे चिरंजीव मुकुल, ज्यांनी दशरथविरुद्ध फिर्याद दिली, त्यांचे डोळे जागरणाने लाल आहेत. माझी तब्येत ठीक आहे. आता सांगतो.

आमच्या मंडळाला नाव नाही. लोक बेटवाले म्हणतात. मुंबई बघायला कुठून कुठून माणसे येतात, चौपाटीवर मुंगीला वाट नसते, आणि आम्ही नाहूर-मुलुंडची म्हातारी माणसे पन्नास वर्षे इथे राहून खारा वारा अंगाला लागू देत नाही. माझी पत्नी मथुरा लग्न होऊन मुंबईत आली, त्यानंतर एकदाही बोटीत बसली नाही. येत्या रविवारी जाऊ, असे मी तिला म्हणत असे. ती पाच वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मी मंगळवार धरला. रविवारी बेटांवरही जत्रा असते, मंगळवारी शुकशुकाट असतो. डबा आपापला, पाणी आपापले, काठी ज्याची त्याची. आजवर एकतीस सहली झाल्या. एकदाही कोणी मागे राहिले नाही, असे मी छाती पुढे काढून सांगत असे.

माणसे कशी मोजता, असे मॅडमनी विचारल्यावरून सांगतो की, आम्ही माणसे मोजत नाही. पहिल्या सहलीला मी बोट दाखवून एक, दोन, तीन सुरू केले, तेव्हा बायकांनी कानावर हात ठेवले. भाऊ, जित्या माणसांना बोट दाखवून मोजू नये, मोजलेलं खुटतं, असे त्या म्हणाल्या. मथुराही तेच म्हणायची. संपाच्या वर्षी ती रोज एक चिंचोका तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकी. दिवस किती झाले ते मोजायचे नाही, नुसते टाकायचे. तो डबा घरात होताच. तेव्हापासून नाहूरला गाडीत चढताना मी प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका देतो, माझाही एक खिशात ठेवतो. परत बोटीत चढताना प्रत्येकाने आपला चिंचोका डब्यात टाकायचा. घरून आणलेले चिंचोके डब्यात परत आले की माणसे आली. मी डबा हलवून वजनानेच ओळखतो. म्हणजे ओळखत होतो.

मंगळवार, ०३/०२/२०२६ रोजी आम्ही एकूण सोळा जण सकाळी ७.१५ वाजता ठरवलेल्या गाडीने नाहूरहून निघालो. मार्वेहून फेरीबोटीने मनोरीस उतरलो. तेथून दशरथच्या बोटीने १०.३० वाजता निघून ११ वाजता मंडळी ज्याला बगळ्याचे खडप म्हणतात त्या लहानशा बेटावर पोचलो. तिथे देवीचे पांढरे ठाणे, चार तिवरे आणि खडक एवढेच आहे. दुकान नाही, फोन लागत नाही. म्हणूनच गेलो. बोटीवर वीस प्रवाशांचा परवाना पाटीवर लिहिलेला आहे, जॅकेटे वीस आहेत, सर्वांना घातली होती. दशरथने उतरतानाच बजावले होते, ‘काका, आज द्वितीया. अडीचच्या पुढे एक मिनिट नाही. पाणी उतरलं की बोट चिखलात बसंल.’

जेवणे साडेबाराला झाली. प्रधानवहिनींनी सर्वांना मटार करंजी वाटली. प्रधानसाहेब विमा कंपनीतून निवृत्त झाले आहेत. ते पक्षी बघतात आणि वहीत लिहितात. वारा सुटला की त्यांच्या कानातले यंत्र शिट्टी मारते, म्हणून ते काढून खिशात टाकतात. ही गोष्ट मला ठाऊक होती. सव्वा वाजता ते दुर्बीण घेऊन ठाण्यामागे गेले. मी विचारले, ‘कुठं निघालात, साहेब?’ ते म्हणाले, ‘तुमच्या बडबडीनं पाखरं उडतात, धोंडू. जरा लांब बसतो.’ हे आमचे नेहमीचेच आहे.

२.१५ वाजता दशरथने शंख फुंकला. बायका फळीवरून मागच्या बाजूने चढल्या. मी फळीपाशी डबा घेऊन उभा होतो. पुरुषांपैकी चार-पाच जण गुडघाभर पाण्यातून पुढून चढले आणि त्यांनी आपले चिंचोके हातोहात मागे पाठवले. मधे उन्हासाठी ताडपत्री बांधलेली असल्यामुळे मागच्यांना पुढचे दिसत नव्हते.

प्रधानसाहेब वस्तू हरवतात. म्हणून त्यांचा चिंचोका नाहूरपासूनच वहिनींच्या पदराच्या गाठीत होता. वहिनींनी गाठ सोडली आणि दोन्ही चिंचोके डब्यात टाकले. साहेब पुढून चढले असतील अशी त्यांची समजूत झाली. डब्यात दोनदा आवाज आला. तो मी ऐकला. ऐकून गप्प राहिलो. नवऱ्याचे किल्ली-पाकीट बायकोच्या पिशवीत असायचे, ही आमच्या वयाच्या माणसांत रोजची गोष्ट आहे, त्यात मला काही खटकले नाही. खटकायला पाहिजे होते.

नावाड्याने माणसे मोजली का, असे विचारल्यावरून सांगतो की, हीच गोष्ट सांगायला मी आलो आहे. दशरथ नांगराचा दोर वनमालाकडे देऊन पुढे आला आणि बोट दाखवून मोजू लागला. ‘एक, दोन, तीन, चार...’ असे मी कानांनी ऐकले. मी ओरडलो, ‘ए दशरथ, मोजू नको रे! आमच्यात माणसं मोजत नाहीत.’ तो म्हणाला, ‘काका, एकदाच मोजतो, माझ्या जीवाला बरं वाटंल.’ मी डबा त्याच्या तोंडापुढे हलवला आणि म्हणालो, ‘माझा हिशोब पुरा आहे. तू बोट हाक.’ मागून एक बाई हसून म्हणाली, ‘दशरथा, आमची नजर काढायला मीठ-मोहऱ्या तू आणणार काय?’ सगळे हसले. तोही हसला. तो सातवर होता. आठ म्हणाला नाही.

बोट २.३० वाजता सुटली. जाताना जॅकेटे चार उरली होती, येताना पाच उरली. कोणी पाहिले नाही.

३.०५ वाजता मनोरीच्या धक्क्यावर उतरल्यावर वहिनींनी विचारले, ‘अहो, हे कुठं आहेत?’ पुढच्यांना वाटले ते मागे आहेत, मागच्यांना वाटले पुढे. दशरथला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. त्याने वनमालाला घेऊन तिथल्या तिथे बोट फिरवली. मी चढू लागलो तर म्हणाला, ‘काका, तुम्ही नको. येताना जागा लागंल.’

३.१० ते ५.०५ या वेळेत तुम्ही काय केले, असे विचारल्यावरून सांगतो की, काही केले नाही. धक्क्यावर उभा होतो. वहिनींनी बाटली पुढे केली, ती घेतली नाही. डबा हातात होता.

पुढची हकीकत वनमाला आणि प्रधानसाहेब यांच्या तोंडून ऐकली ती अशी. पाणी उतरल्यामुळे बोट बेटापासून तीनशे पावलांवर चिखलात टेकली. वनमाला बांबूने बोट खोल पाण्याकडे रेटत राहिली आणि दशरथ उतरला. मांडीएवढा चिखल, त्याखाली कालवांची शिंपे. पाय चिरला, तरी तो थांबला नाही. प्रधानसाहेब ठाण्याच्या पायरीखाली पडलेले होते. बोट गेलेली पाहून ते हात दाखवायला खडकावर चढले आणि घसरले होते. दशरथने त्यांना पाठीवर घेतले आणि त्याच चिखलातून परत आणले. चालताना तो त्यांना एकसारखा काहीतरी विचारत होता, ते झोपू नयेत म्हणून. मुले किती, पक्षी किती पाहिले, करंजी गोड होती का तिखट. ५.०५ वाजता बोट धक्क्याला लागली. बोटीच्या तळात रक्त होते, ते प्रधानसाहेबांचे नव्हते.

त्या रात्री मुकुल प्रधान यांनी फिर्याद दिली की, नावाड्याने हलगर्जीपणे, माणसे न मोजता बोट सोडली. बुधवारी सकाळी दशरथची बोट जप्त होऊन धक्क्यावर ओढून साखळीने बांधली गेली, आणि त्याला गुन्ह्याची नोटीस मिळाली. परवानाही जाईल असे लोक बोलतात. मुकुलचा राग मला खोटा वाटत नाही. बाप तो बाप. पण अर्धे खरे हे खोट्याहून जड असते. दशरथने माणसे पुरी मोजली नाहीत, हे खरे. का मोजली नाहीत, ते फिर्यादीत नाही.

मी मुकुलला रुग्णालयाच्या जिन्यात गाठून सर्व सांगितले. तो म्हणाला, ‘काका, तुम्ही बाजूला राहा. तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही वयस्कर, तुम्हाला कोण काय करणार? पण बोट त्याची होती. जबाबदारी त्याची.’

मी म्हणालो, ‘म्हणजे मी म्हातारा म्हणून सुटायचं, आणि तो तुला परका म्हणून त्यानं अडकायचं?’

तो म्हणाला, ‘माझे बाबा दोन तास त्या दगडावर पडून होते, काका.’

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो काढला नाही.

बुधवारी दुपारी मी मनोरीला दशरथच्या घरी गेलो. तो ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसला होता. मी विचारले, ‘मी तुला मोजताना थांबवलं, हे पोलिसांना का नाही बोललास?’ तो म्हणाला, ‘काका, तुमचं वय बघितलं. या वयात तुम्हाला चौकीच्या पायऱ्या कशाला?’ वनमाला आतून म्हणाली, ‘ह्यांच्या पायाचं राहू द्या. ती बोट साखळीत बघवत नाही हो. गुरासारखी बांधलीय.’ मग तिने मला चहा दिला. ज्या घराची बोट माझ्यामुळे बांधली गेली, त्या घरचा चहा मी प्यालो. साखर बरोबर होती.

माझा मुलगा नितेश याने मला इथे येण्यास मनाई केली आहे, हेही लिहावे. तो म्हणाला, ‘बाबा, स्वतःहून जाऊन हात दाखवून अवलक्षण करून घेताय. वाट लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.’ मी त्याला गावच्या भाषेत म्हणालो, ‘नित्या, माझी चूक ती माझी. दुसऱ्याच्या पदरात कित्याक घालू? आणि मूठ माझी असली, तरी आत त्या माणसाची बोट आहे.’ तो माझ्याशी कालपासून बोलत नाही. सकाळी निघताना त्याने माझ्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवलेली दिसली.

जयंतीवहिनींचे नाव या जबाबात घालू का, असे मी त्यांना आधी विचारले होते. दोन चिंचोके त्यांनी टाकले, ही गोष्ट मुलाला सांगायचे त्यांना धैर्य होत नव्हते. काल त्या नवऱ्याच्या खाटेशी बसून म्हणाल्या, ‘अहो, मी तुमचा टाकला.’ साहेब म्हणाले, ‘चाळीस वर्षं माझं मतही तूच टाकतेस, चिंचोक्याचं काय घेऊन बसलीस?’ मग मला म्हणाले, ‘धोंडू, जा आणि सांग. त्या माणसाच्या पाठीवर बसून मी आलोय. त्याच्या पाठीवर आता केस नको.’ वहिनी त्यांचा स्वतंत्र जबाब देणार आहेत. त्यांना फार वेळ बसवू नये, त्यांची गोळी एक वाजता असते. माझे म्हणणे इतकेच की, टाकले त्यांनी, पण टाकू दिले मी. नेम माझा, डबा माझा, आणि मोजणाऱ्याला गप्प करणारे तोंडही माझे.

तुम्ही जे सांगता त्यामुळे तुमच्यावर गुन्हा येऊ शकतो, हे कळते काय, असे मॅडमनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा कळते असे सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवून विचारले, ‘आजोबा, घरी विचारून येता का?’ मी म्हणालो, ‘बाई, घरी विचारायचं माणूस आता नाही. तुम्ही लिहा.’

सदर तुपाचा डबा मी सोबत आणला असून पुराव्यासाठी हजर करत आहे. मंगळवारपासून तो उघडलेला नाही. मॅडमसमोर झाकण काढून चिंचोके टेबलावर ओतले. हवालदार मोजू लागले, त्यांना मी थांबवले नाही. पण म्हणालो, मला मोजू द्या. बोटाने एकेक सरकवून मोजले. सोळा भरले. बोटीत आमची माणसे पंधरा होती. डबा माझ्या पत्नीचा आहे. त्याची पावती मिळावी आणि काम झाल्यावर तो परत मिळावा. त्यातले चिंचोके बदलू नयेत.

पुढे सहली करणार काय, असे विचारल्यावरून सांगतो की, करणार. भिऊन घरात बसलो तर चूक सुधारायची कधी? पण आता प्रत्येकाचे नाव मोठ्याने घ्यायचे, ज्याचे नाव त्यानेच ओ द्यायची, दुसऱ्याने दिलेली ओ धरायची नाही. त्यानंतर नावाडी बोट दाखवून मोजेल, आणि तो मोजताना कोणी हसायचे नाही. ज्याला नजरेची भीती असेल त्याने घरून काजळ लावून यावे. काल संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहून नावांची तालीम केली. सोळा नावांवर थांबायला पाहिजे होते, सतरावे तोंडातून गेले. ते कोणाचे, हे जबाबात घेऊ नये.

हा जबाब मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर चष्मा लावून मी स्वतः वाचला. दुसऱ्या पानावर ‘नावाड्याने माणसे मोजली नाहीत’ असे टाईप झाले होते. ते बरोबर नाही, असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, अर्थ तोच होतो. मी म्हणालो, होत नाही. ते खोडून तिथे ‘नावाडी माणसे मोजत असताना मी त्यास थांबवले’ असे हाताने लिहून घेतले आणि खोडलेल्या ओळीशेजारी पूर्ण नावाची सही केली. बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे. कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा लोभाने दिलेला नाही.

एक विनंती. बोट पाण्यात नसली की तिची लाकडे तडकतात, म्हणून तिचा निकाल आधी लावावा, माझा मागाहून लावला तरी चालेल. काय ठरते ते वरील पत्त्यावर कागदाने कळवावे, फोन करू नये. फोन नितेश उचलतो. एक प्रत मनोरीला दशरथ कोळी यांच्या नावे टाकावी. माझ्या विनंतीला उत्तर लवकर यावे. पुढच्या मंगळवारी भरती दुपारच्या आधी नाही, तेव्हा सकाळी टपाल येईपर्यंत मी घरीच आहे.

सही: धोंडू सखाराम घाडीगावकर

समक्ष: उत्तरा शिर्के, पोलीस उपनिरीक्षक
मुद्देमाल: झाकणासह पत्र्याचा डबा एक, चिंचोके सोळा